काळी चार

डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली,
'ई' म्हणा म्हणाले.
पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या थरथरल्या
आणि मध्ये तांदळाच्या कणीएवढी गाठ.
एवढ्यावर बावीस वर्षं घर चाललं?
मला वाटायचं, आत काहीतरी मोठं असेल.

सहा आठवडे मौन.
कुजबुजसुद्धा नाही.
कुजबुजीनं म्हणे जास्त ताण पडतो.

तरी काल पार्टीबरोबर गेले, खुळखुळा वाजवायला.
निम्मे पैसे मिळतात.
गंगापूर रोडच्या लॉन्सवर एका द्राक्षवाल्याच्या मुलाची हळद.
माझ्या माइकपाशी ओझरची एक पोर,
समोर माझीच वही,
माझ्याच अक्षरात प्रत्येक गाण्यापुढे लिहिलेलं: काळी चार.
तिला ते उंच पडत होतं.
अंतऱ्याला सूर खाली घसरायचा
आणि मी मागे उभी राहून बोट वर करत होते,
अजून वर, अजून जरासं,
जसं काही ते बोटानं उचलता येतं.

अडीचला टेम्पो द्वारकेला थांबला.
पुलाखाली चहाची गाडी,
शेजारी कोथिंबिरीनं भरलेला ट्रक, मुंबईला निघालेला,
त्याचा वास आमच्या कपांत.

झुंबर पगारे म्हणाला, गायक म्हणजे हमाल.
दुसऱ्याचं दुःख इथनं उचलायचं, तिथं ठेवायचं,
मजुरी घ्यायची, आंघोळ करून झोपायचं.
मग चौदा एप्रिलला उजाडेपर्यंत गातोस,
पाकीट परत करतोस, ते काय रे?
ते वेगळं, म्हणाला.
ते गाणं नाही. ते बोलणं आहे.

शांतवन शरणपूरचा.
रविवारी चर्चमध्ये खालचा सूर धरतो.
तो बशीत बघत म्हणाला,
तिथं चाळीस जणांत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.
आठवड्यात तेवढाच तासभर मी गातो.
बाकीचे दिवस ऐकवतो.

मुनीरभाई ढोलकी मांडीवर घेऊन बसलेले.
गाणारी माणसं बोलतात फार, म्हणाले.
माझं कातडं उतरलं तर मी बल्बजवळ धरतो,
तुम्हाला ती सोय नाही, एवढाच फरक.
सगळे हसले. मी पण, आवाज न करता.
तसं हसलं की बरगड्या दुखतात.

मग झुंबर माझ्याकडे वळला:
कुमुदताई, तुमचं काय म्हणणं?
आणि गाण्यांच्या यादीची कोरी बाजू पुढे केली, पेनासकट.

मला आई आठवली.
पेठ रोडच्या मार्केटात टोमॅटो निवडायची,
बोटं कायम हिरवी-पिवळी.
पहिल्या वर्षी मी तिला आनंदानं सांगितलं होतं,
लोक म्हणतात डोळे मिटले तर फरकच कळत नाही,
वाटतं, रेकॉर्डच लागलीय.
ती म्हणाली, चांगलंय की.
आन् तू कुठं असतीस तवा?
मी तेव्हा रागावले होते. दोन दिवस बोलले नव्हते.
आता ती नाही,
आणि उत्तर लिहायला कागद समोर आहे.

मी लिहिलं: चहात साखर कमी आहे.

परत निघालो. नाशिकरोडच्या रस्त्यावर
बिटको येईपर्यंत सगळे झोपलेले.
ड्रायव्हर एकटाच काहीतरी गुणगुणत होता,
बेसूर, अगदी मनापासून,
झोप येऊ नये म्हणून.
दुसऱ्या ओळीला तो चुकला
आणि माझ्या गळ्यात काहीतरी हललं.
आवाज नाही, श्वाससुद्धा नाही,
पण तो स्नायू उठला
आणि त्याच्या चुकलेल्या सुराच्या किंचित वर
जाऊन थांबला.
मी गळ्यावर हात ठेवला.
ओढणीखाली ते पुन्हा हललं.

डॉक्टरांनी बोलायचं नाही सांगितलंय,
खाकरायचं नाही, कुजबुजायचं नाही.
याबद्दल ते काही म्हणाले नव्हते.
मीही विचारणार नाही.